खादाड्याचा उपास

मत्स्यालयाच्या माणसाने ओलं फडकं माशाच्या डोळ्यांवर टाकलं, दोघा मदतनिसांना मानेनेच खूण केली आणि तिघांनी मिळून झोळी उचलली. एवढं धूड हॉलमधल्या टाकीतून बाहेर काढायचं म्हणजे काय खायचं काम नव्हतं! शेपटीचा एकच फटकारा बसला आणि सोफा, पडदे, दाराशी उभी असलेली आई, सगळं भिजून निघालं.

लाल शेपटीचा, लांब मिशांचा हा मासा मुलाने आणला तेव्हा बोटाएवढा होता. दिसेल ते गिळायचा, म्हणून त्याचं नाव पडलं खादाड्या. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला. घरात आई आणि बाबा, एवढे दोघंच उरले. खादाड्या मात्र वाढतच राहिला. आता टाकीत वळायचं तरी त्याला अंग दुमडावं लागे, पाठीला बाक यायला लागला होता. असाच राहिला तर टिकायचा नाही, असं मत्स्यालयाच्या माणसाने स्पष्टच सांगितलं. तिकडच्या मोठ्या तळ्यात त्याची सोय होणार होती. अट एकच: नेण्याआधी आठवडाभर त्याला खायला काही द्यायचं नाही.

बाबांनी ही अट फारच मनावर घेतली. "फ्रीजरला हात लावायचा नाही हं," असं रोज सकाळी बजावायचे. मासा ठरल्या वेळी काचेच्या कोपऱ्याशी येऊन तोंड उघडायचा आणि हे आपले पेपर वाचत बसायचे. काळीज आहे का दगड, तिला वाटायचं. मुलाचे कपडे देऊन टाकतानाही या माणसाने टिपूस गाळलं नव्हतं. अलीकडे तर नवीनच खूळ शिरलं होतं, उठसूट बेसिनशी जाऊन साबणाने खसाखसा हात धुवायचे.

झोळी टबात उतरली. मासा क्षणभर निपचित पडला. मग त्याचं पोट आवळलं गेलं आणि तोंडातून पांढरे मांसाचे तुकडे बाहेर आले.

"थांबा, थांबा!" माणूस ओरडला. "काकू, याला खायला कोणी घातलं?"

आईचा चेहरा उतरला.

"मी," ती म्हणाली. "सकाळी हे अंघोळीला गेले होते तेव्हा. दोनच तुकडे. बघवेना हो मला."

"अहो, घाबरला की हा असं सगळं ओकतो. बंद टबातलं पाणी नासलं असतं. वाटेतच गुदमरून मेला असता की!"

 आता यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

तेवढ्यात माशाने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी कोळंबी आली. अख्खी, सालासकट.

कोळंबी आई नेहमी सोलून द्यायची. मुलाला तशीच, माशालाही तशीच. सोलायचा कंटाळा घरात एकालाच होता.

तिने वर बघितलं. बाबा ओल्या सोफ्यावरून उगाचच हात फिरवत होते.

"सोडा रे परत टाकीत," माणूस मदतनिसांना म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येतो. पण काका, आता तरी नक्की ना?"

बाबा आत गेले. फ्रीजरमधले सगळे डबे पिशवीत भरून त्यांनी त्याच्या हातात दिले.

"घेऊन जा हे. तिकडे आला की त्यालाच घाला."

संध्याकाळी खादाड्या वेळेवर कोपऱ्याशी आला. मिशा काचेला टेकवून त्याने तोंड उघडलं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि ते उठले. आईने त्यांचा हात धरला.

"कुठे निघालात?"

"जरा बाजारात जाऊन येतो."

"बसा."

ते बसले. त्यांचा हात तिच्या हातात तसाच राहिला. इतका साबण लावूनही कोळंबीचा वास गेला नव्हता.

"भूक लागली असेल गं त्याला," बाबा म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच रडायला लागले.

"लागू दे," आई म्हणाली. "जगेल तरी."