आफ्रियेचं बटण

"बघा हं मामा, आता माऊसला हातच लावायचा नाही," आफ्रिये म्हणाली आणि तिनं एक बटण दाबलं.

पडद्यावर एकमेकींवर पडलेल्या चार विंडो जागच्या हलल्या. मयताचा फोटो डावीकडे गेला, पोस्टर मधोमध आलं, उजवीकडे वर घरच्यांनी पाठवलेली नावं आणि खाली त्यांचे निरोप. कडेला कडा लागली.

दुकानाच्या मालकीण मॅडम सेरवांनी टाळी वाजवली. "अगं बाई, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तशा राहिल्या की! सार्फो, बघितलंस?"

"बघितलं," सार्फो म्हणाला आणि हसला.

कुमासी शहरातल्या त्या दुकानात अंत्यविधीच्या आमंत्रणाची, मयताचा फोटो आणि नातलगांची नावं असलेली पोस्टरं व्हायची आणि सार्फो तिथला सगळ्यात जुना माणूस होता. नवी आलेली आफ्रिये नात्यातली नव्हती, वयाच्या मानानं त्याला मामा म्हणायची. रोज सकाळी याच चार विंडो तो हातानं ओढून, कडा जुळवून लावायचा. मॅडम गिऱ्हाइकांना दाखवायच्या, "आमच्या सार्फोचा पडदा म्हणजे झाडलेलं अंगण." आता त्या शेजारच्या दुकानदारांना बोलावून आफ्रियेचं बटण दाखवू लागल्या. मोठा पडदा तिच्या टेबलावर गेला. तिनं सार्फोच्या कॉम्प्युटरवरही ते बटण बसवून दिलं होतं. त्यानं त्या बटणाला अजून हातही लावला नव्हता.

सुआमे भागात मॅडमचं दुसरं, नवं दुकान निघत होतं. ते कुणाच्या हाती द्यायचं, हे मॅडमनी अजून सांगितलं नव्हतं. ते बटण येईपर्यंत सार्फोला तो प्रश्नच वाटला नव्हता.

बुधवारी आफ्रिये जेवणासाठी केंके आणायला गेली, तेव्हा सार्फोनं तिची स्क्रिप्ट, म्हणजे बटणामागचा छोटा प्रोग्राम, उघडली. भातातला खडा शोधावा तशी ओळ न् ओळ वाचली. खडा सापडला. कुठली विंडो कुठल्या मयताची, हे स्क्रिप्ट पाहतच नव्हती. फोटोंपैकी शेवटी उघडलेला फोटो, नावांपैकी शेवटी उघडलेली नावं, असं उचलून ती जागेवर ठेवत होती. एकच काम उघडं असेल तर बिनचूक. दोन असतील तर एकाच्या पोस्टरशेजारी दुसऱ्याची नावं येऊन बसणार. विंडोच्या माथ्यावर मयताचं नाव असतंच. पण जागा पक्की झाली, की डोळे माथा वाचायचं सोडून देतात.

"काय मामा, शिकताय का?" आफ्रिये परत आली होती.

"छे गं, सहज. छान लिहिलंयस."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. तेही त्याला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वस्त्यांतून दोन कामं एकदम आली, एक आसोक्वाचं, एक बांतामाचं. दोन्ही घरांतून नावं येतच होती. आफ्रियेनं बटण दाबलं. सार्फोनं मान वळवून पाहिलं. मध्ये आसोक्वाच्या मयत म्हाताऱ्या ड्रायव्हरचं पोस्टर, उजवीकडे बांतामाची नावं. पोस्टरवर पहिलं नाव लागतं ते मयताच्या आईकडच्या कुळाच्या प्रमुखाचं. प्रेत कुठल्या कुळाचं, हे त्या नावावरून ठरतं, बायकामुलं नंतर. आफ्रिये भराभर तेच नाव टाकत होती, बांतामाचं.

सार्फोच्या जिभेवर शब्द आला. बाटली उचलून तो त्यावर पाणी प्यायला.

दुपारी छापण्याआधीचा नमुना बघायला आसोक्वाचे कुळप्रमुख स्वतः आले. चष्मा लावून त्यांनी वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला थांबले.

"हा बांतामाचा दुओदू इथं कोण?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आमचा माणूस बांतामाला देऊन टाकलात? मग तिकडंच पुरा की! आम्ही कशाला रडायचं?"

"कुणी केलं हे?" मॅडम ओरडल्या.

"मी," आफ्रिये उभी राहिली. "चूक माझी आहे, नाना. मी नाव वाचलं नाही."

स्क्रिप्टचं तिनं नावही काढलं नाही. सार्फोनं कालपासून ज्या क्षणाची वाट पाहिली होती, त्याला चवच उरली नाही.

माफी मागताना द्यायची म्हणून मॅडमनी कपाटातून जिनची बाटली काढली. पण तिथल्या रीतीप्रमाणे चुकलेल्यानं आपल्या तोंडानं माफी मागायची नसते. त्याच्या वतीनं वडीलधाऱ्यानं मागायची असते. आफ्रियेनं सार्फोकडे पाहिलं.

"मामा, माझ्यासाठी बोलाल?"

सार्फोनं चपला काढल्या. अनवाणी पुढे जाऊन तो वाकला, दोन्ही हातांनी बाटली पुढे धरली.

"नाना, पोर आमची आहे. हात चुकला, मन नाही. छपाई झालेली नाही. पदरात घ्या."

"तुझी कोण ही?"

"भाची," सार्फो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. मामाचा सगळा वारसा मुलांकडे नाही, भाच्यांकडे जातो, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मामा शेजारच्या खुर्चीत, आणि मामाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं, नाना."

बराच वेळ बाटली सार्फोच्या हातातच राहिली. मग म्हाताऱ्यानं ती घेतली.

ते गेल्यावर आफ्रियेनं लगेच स्क्रिप्ट उघडली आणि मयताचं नाव जुळल्याशिवाय विंडो हलणारच नाही, अशी ओळ घातली. मॅडम तिच्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"सुआमेला तू जा," त्या तिला म्हणाल्या. "मला धाकधूक होती, एकटी पोर काय करेल म्हणून. पण आज पाहिलं ना, सार्फो कसा उभा राहिला तुझ्यासाठी. असा मामा पाठीशी असल्यावर मला काळजी नाही. काय रे, सार्फो?"

"हो, मॅडम."

"माझ्या चपला कुठं गेल्या," असं काहीसं पुटपुटत तो टेबलाखाली वाकला. चपला खोलीच्या मधोमध, सगळ्यांना दिसतील अशा पडल्या होत्या. तरी तो बराच वेळ खालीच शोधत राहिला.