व्हॉल्व्हच्या खड्ड्यातली घोरपड

पाण्याच्या टाकीवर वहिनींची अकरा वर्षं नोकरी झाली होती. रोज दहाच्या ठोक्याला टाकीमागच्या खड्ड्याचा पत्रा सरकवायचा, खांद्यापर्यंत हात घालायचा आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं, की वस्तीला पाणी सुटायचं. हाताला सवय झालेली, त्यामुळे डोळे दुसरीकडेच असायचे.

त्या दिवशी चाकाऐवजी हाताला काहीतरी खरखरीत आणि कोमट लागलं. ओलं गोणपाट असेल म्हणून त्यांनी ते ओढलं. गोणपाट फुगलं, लोहाराच्या भात्यासारखं फुसफुसलं आणि मनगटावर चाबकासारखा फटका बसला.

वहिनी मागे कोसळल्या. बाजूला सरकवलेला पत्रा खणखणला. पंपघरात फिटर असलेला त्यांचा दीर धावत आला. आत डोकावला आणि तोही पांढराफटक पडला. नळावर घोरपड पसरली होती, जवळजवळ माणसाएवढी लांब. तिच्या जबड्यातून सापाचं धड लोंबत होतं, अजून वळवळत होतं.

"वहिनी, नाग आहे तो."

नाग आधीपासून तिथेच असणार, हे वहिनींना उमगायला थोडा वेळ लागला. घोरपडीने धरला नसता, तर हात त्याच्यावरच पडला असता.

पहारेकरी काठी घेऊन आला. ठेचून मोकळं होऊ, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी त्याचा हात धरला. "फळी टाका आत. तिला बाहेर येऊ द्या."

फळी टाकून तिघं दूर उभे राहिले. नाग पूर्ण गिळून झाल्यावर घोरपड फळीवर चढली. दुभंगलेली जीभ लपलपवत, कुणाकडे न बघता, सावकाश टाकीच्या पायाकडे गेली. तिथे गवताआड बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी माती घासून गुळगुळीत झाली होती.

"ही वाट आजकालची नाही," दीर हळूच म्हणाला. "वर्षानुवर्षांची आहे."

तिथेच तर वहिनी रोज टेकून बसत, डबा खात.

संध्याकाळी सासूबाईंनी मनगटावरच्या पट्टीचं विचारलं. घोरपडीने मारलं, म्हटल्यावर त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, सुनेला थापाही धड मारता येत नाहीत. मग वहिनींनी पट्टी सोडली. बोटभर जाड, काळानिळा वळ बघून सासूबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला.