तटातली मोरी

मी मोरी बोलतेय. नाक मुरडू नका. इथिओपियातल्या हरार शहराच्या जुन्या तटात मला मुद्दाम ठेवलं, ते पावसाचं पाणी बाहेर जावं आणि तरसं आत यावीत म्हणून. दिवेलागणीला वेशी बंद होत, पण माझ्यावर कुणी कधी फळी लावली नाही.

पिढ्यान्‌पिढ्या तरसं माझ्यातून आली. त्यांनी खाटीक आळीतली हाडं फोडून खाल्ली, आणि लोक म्हणतात की गल्लीतली भुतंही खाल्ली. आमच्याकडे त्यांना आदराने 'शेख' म्हणतात. समोरून तरस आलं की म्हातारी मेफ्तुहा भिंतीकडे सरून वाट देते आणि त्याची खुशाली विचारते.

मग माझ्या शेजारचं घर तौफीकने घेतलं. तो राजधानीत राहून आलेला, घरात परदेशी पाहुणे उतरवणारा. पाहुण्यांना तो तटाबाहेर नेई, तरसांना उंटाचं मांस भरवायला लावी, फोटो काढी. आणि एके दिवशी तोच मला दगडमातीने लिंपायला बसला.

मेफ्तुहाने विचारलं, "काय रे, पाहुण्यांना दाखवायला शेख चालतात, तुझ्या दारावरून गेलेले चालत नाहीत होय?"

"माझी लेक दारात खेळते, मावशी."

"आम्हीही इथेच खेळून म्हाताऱ्या झालो. दिवे लागले की पोरीला आत घे."

त्याची भीती खोटी नव्हती. ते जबडे मी जवळून पाहिलेत. पण भीती त्याची आणि तोंड माझं बंद, याचा मला संताप आला. त्याने आतून लिंपलं, तरी बाहेरचं मला दिसत होतं.

आशुराचा सण आला. त्या संध्याकाळी लोक तटाबाहेरच्या पिरापाशी तुपात निथळणारी लापशी ठेवतात. तरसांची म्होरकी मादी ती आधी चाखते. अर्ध्याहून जास्त संपली तर वर्ष सुखाचं, तोंडच लावलं नाही तर दुष्काळ नाहीतर रोगराई. म्होरकी आली, तिने लापशी हुंगली आणि पाठ फिरवून निघून गेली.

लोकांची तोंडं उतरली. मेफ्तुहाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. ती रडतच तौफीकला म्हणाली, "वाट तू अडवलीस, आणि भोगायचं आम्ही."

खरं कारण मला ठाऊक होतं. पाहुण्यांची हौस भागवायला त्याने त्याच दुपारी तटाबाहेर टोपलीभर मांस वाटलं होतं. पोटं तट्ट भरलेली, लापशी कोण खातं? त्यालाही ते उमगलं, चेहराच सांगत होता. पण सणाच्या दिवशी शेखांना आधीच जेवू घातलं हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्याला पहार उचलून मला पुन्हा मोकळं करणं सोपं वाटलं. मीही गप्प राहिले. लिंपताना मला कुणी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मेफ्तुहाने नवी लापशी शिजवली. म्होरकीने ती मनसोक्त खाल्ली आणि माझ्यातून अंग घासत आत आली. तौफीक लेकीचा हात घट्ट धरून दारात उभा होता. पोरीने विचारलं, "शेख, बरे आहात ना?" त्याने तिला मागे ओढलं, पण दार लावलं नाही.

आज मी उघडी आहे. उद्या पुन्हा कुणाला भीती वाटेल, कुणी दगड आणेल. आणा. पण एक बजावून ठेवते. ज्यांना तुम्ही दारावरून जाऊ देणार नाही, त्यांच्यापुढे आपलं नशीब विचारायला लापशी घेऊन जाऊ नका.