नकाशाचा कापलेला कोपरा

साहेबांना खुर्चीमागची भिंत बोडकी दिसत होती, एवढंच निमित्त. बचाव केंद्राच्या कपाटातला डोंगरनदीचा जुना नकाशा त्यांनी फ्रेम करून तिथे टांगला. बचाव पथकातली ताई तेव्हाच म्हणाली होती की ही वापरायची वस्तू आहे, शोभेची नाही. नवे नकाशे विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलेले. झाडीखालची पायवाट त्यांत दिसत नाही. जुना नकाशा काढणारे त्या घळींतून स्वतःच्या पायांनी फिरले होते. साहेबांनी मान डोलावली आणि खिळा ठोकून घेतला. या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची त्यांची खोड जुनीच.

आज ताईचा धाकटा भाऊ, तोही पथकातलाच, वरच्या घळीत अडकला होता. वाट चुकलेल्या दोघांना त्याने दोराने पार केलं, तोच दोर तुटला आणि हा कड्याखालच्या खडकावर एकटा राहिला. पाणी चढत होतं. तिथून वर निघायला एकच पायवाट, आणि ती फक्त जुन्या नकाशात.

ताई फ्रेम उतरवायला गेली, तर साहेब म्हणाले, काच महागाची आहे, फ्रेमवाल्याला बोलावू, जरा धीर धरा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं. यांचं काय जळत होतं? चिखलाच्या बुटांनिशी ती त्यांच्या खुर्चीवर चढली, फ्रेम खाली ओढली आणि टेबलाच्या कडेवर काच फोडली.

नदीवरून तिचं बोट वर सरकलं. पूल, धबधबा, आणि पुढे फ्रेमची लाकडी पट्टी. तिने पट्टी उचकटली. खाली कागदच नव्हता.

"फ्रेम जरा लहान पडत होती," साहेब पुटपुटले. "त्या कोपऱ्यात नुसत्या रेघाच होत्या. फ्रेमवाल्याला म्हटलं, काप."

त्या दाट रेघा म्हणजे उभा कडा. इथे पगार घेणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? ताईला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. स्वतःचाही संताप आला. नकाशा आहेच म्हणून तिनेही ती वाट कधी पाठ केली नव्हती.

वायरलेस खरखरला. पाणी कमरेला लागलंय, भाऊ सांगत होता. "ताई, डावीकडून चढू की उजवीकडून?"

तिने वायरलेस साहेबांच्या हातात कोंबला. "सांगा त्याला. कोपरा तुम्ही कापलात."

साहेबांनी बटण दाबलं. "जरा धीर धर," ते म्हणाले. ताईने वायरलेस हिसकावून घेतला आणि नकाशा समोर असल्यासारखी ठामपणे म्हणाली, "डावीकडून."

"बरं," भाऊ म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही, आणि त्याचा तिला साहेबांहूनही जास्त राग आला.