उशीवर शिकलेले हात

रुग्णवाहिकेवरच्या कामाचं शिक्षण ज्ञानदाने वर्षभर रोज मुंबईला जाऊन घेतलं होतं. छाती दाबण्याचा सराव तिने वर्गातल्या पुतळ्यावर मनगटं सुजेपर्यंत केला होता. व्हेरोनिकाने तेच शिक्षण वसईला, आजारी आईच्या उशाशी बसून मोबाइलवर पुरं केलं. प्रात्यक्षिकाला म्हणून काय ती मोजके दिवस गेली असेल. तरी मनवेलपाड्याच्या रुग्णवाहिका केंद्रावर दोघी रुजू होऊन दोन महिने होत नाहीत, तोच हॉस्पिटलचे डॉक्टर फोनवर आधी तिलाच मागू लागले. ईसीजीची पट्टी ती झटकन वाचायची. औषधांच्या मात्रा तिला तोंडपाठ होत्या. न कळलेला धडा मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचे, असं ती सहज सांगायची. ज्ञानदाला ते जिव्हारी लागायचं. तिच्या वर्गात सर एकदाच सांगायचे.

एका दुपारी चंदनसारला साखरपुड्यात नवरीचे मामा जेवता जेवता कोसळले. दोघी पोचल्या तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. व्हेरोनिकाने मानेची नाडी पाहिली, ड्रायव्हरला शॉकचं मशीन आणायला सांगितलं आणि छाती दाबू लागली. ज्ञानदा श्वासाची पिशवी घेऊन डोक्याशी बसली होती. तिला दिसलं, छाती पुरेशी दबतच नव्हती. व्हेरोनिकाने घरी सराव केला होता उशीवर, आणि उशी हलक्या हातानेही दबते.

"जोर लाव" एवढंच म्हणायचं होतं. ज्ञानदा बोलली नाही. बघू देत सगळ्यांना हिची चूक, असं तिच्या मनात आलं. मग समोर मामांचे तळवे चोळणारी नवरी दिसली, आणि ती व्हेरोनिकाला बाजूला सारून स्वतः दाबू लागली.

व्हेरोनिकाने लगेच मशीन लावून शॉक दिल्यावर नाडी परत आली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत मामांनी डोळे उघडले. मशीन इतक्या वेळेवर कुणी लावलं, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ड्रायव्हरने व्हेरोनिकाचं नाव सांगितलं. ज्ञानदा आतून जळाली.

गाडी पुसताना व्हेरोनिका हळूच म्हणाली, "माझं दाबणं चुकत होतं ना?"

"हो."

"मग लगेच का नाही बोललीस?"

सांगायला सबबी होत्या. पण ज्ञानदाच्या तोंडून निघून गेलं, "तुझं चुकलेलं बघायचं होतं मला."

व्हेरोनिका फडकं ठेवून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. पुढचे काही दिवस ती कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी तिने केंद्रावरचा सरावाचा पुतळा जमिनीवर आणून ठेवला. राग चेहऱ्यावर तसाच होता.

"शिकव," ती म्हणाली.

ज्ञानदाने तिची कोपरं सरळ केली, खांदे हातांच्या वर आणले, अंगाचा भार टाकायला लावला. थोड्याच वेळात छाती हवी तेवढी दबू लागली. ज्ञानदाला हे जमायला आठवडा गेला होता. तिच्या पोटात पुन्हा दुखलं. पण ती उठली नाही. व्हेरोनिका दमेपर्यंत तिच्यासाठी मोठ्याने आकडे मोजत राहिली.