शनीच्या चंद्रावरची चिमणी

सायखेड्याच्या राममंदिरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोंडाजीबुवा कीर्तनाच्या उत्तररंगात पुराणातलं आख्यान सोडून आपल्या सुनेची गोष्ट लावणार होते! सून मीना नाशिकला शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या विज्ञानकथेला दिवाळी अंकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि बुवांनी ते गावभर करून टाकलं होतं.

"आण्णा, यंत्राची गोष्ट आहे ती. लोक हसतील," मीनानं सांगून पाहिलं होतं.

"हसू दे की. देवाच्या दारात माणूस हसला तर देव काय रुसतो?"

आता ती सासूबाईंशेजारी पदराचं टोक पिळत बसली होती. परीक्षकांनी वाखाणलं, खरं. पण या आपल्या माणसांनी तोंड फिरवलं, तर त्या बक्षिसाकडे तिला पुन्हा बघवलं नसतं.

पूर्वरंगात नामाचा महिमा झाला, मध्यंतरी बुक्का लागला, पेटीनं सूर धरला. बुवांनी चिपळ्या वाजवत शनीच्या एका चंद्रावर 'चिमणी' नावाचं इवलंसं यान उतरवलं. भोवती बर्फच बर्फ, पोटात जेमतेम ऊब. पृथ्वीवरून आज्ञा आली, उरलेली ऊब खर्च कर, पण डोंगराआडच्या समुद्राचं चित्र पाठव. चिमणीनं पाठवलं. आणि गारठून कायमची गप्प झाली. कथा एवढीच.

बुवांनी आरतीची खूण केली. कुणी उठेना.

"हे काय वं बुवा?" पुढं बसलेल्या म्हाताऱ्या कुसाबाईचा आवाज चढला. "लेकरू तिकडं गारठलं, अन् आमी हितं परसाद खायचा?"

"यंत्र हाय ते, मावशे," मागून वाल्मीक म्हणाला.

"तू गप! तुझा ट्रॅक्टर बंद पडला तवा दोन दिस जेवला नव्हतास!"

मंडप हसला. बुवांनी हात जोडले. "मला काय विचारता? लिहिणारी तिथं बसलीय."

सगळ्या माना वळल्या. मीना उठली. "तिला परत नाही येता येणार, आजी. इंधनच नाही. खोटं कसं लिहू?"

"परत आन म्हनलं कुनी? दुसरी धाड. सोबतीला. ऊब घिऊन."

कुसाबाई डोळे पुसत होती. शेजारी सासूबाईंचाही पदर डोळ्यांना. वाल्मीकसुद्धा उगाच वर छताकडे बघत होता. लोखंडाच्या एका चिमणीसाठी! मीनाचा जीव भांड्यात पडला.

"धाडते," ती म्हणाली. "पण पोचायला लय वर्षं लागतील हां."

"लागू दे," कुसाबाईनं मांडी सावरली. "आमाला कुठं जायचंय? बुवा, भजन घ्या."

बुवांनी नाम उचललं, मंडपानं झेललं, आणि मीना सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवू लागली. आचारी दोनदा डोकावून गेला. शिऱ्याची कुणालाच घाई नव्हती.