जांभळाच्या मिल्कशेकचा कौल

पळसदरीच्या धरणावर मासे बघायला वाकला आणि सखाची कवळी पाण्यात गेली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने अन्न सोडलं. नवी कवळी द्यायला कर्जतच्या डॉक्टरने पंधरा दिवस सांगितले होते. पेज दिली तर म्हणे, मी काय आजारी हाय? मऊ भात कालवून दिला तर म्हणे, मी काय तान्हं हाय? आता अशा माणसाला काय म्हणावं! सून सुनिता रडकुंडीला आली. बंडी त्याच्या खांद्यावरून घसरायला लागली होती. म्हातारा हातचा जातो की काय, या धास्तीने तिलाही घास गिळवेना.

चौथ्या दिवशी तो एकदाचा बोलला. "जांभळं खायची हायत."

दात नाहीत आणि जांभळं! पण सुनिता ती सुनिताच. वाडीवरच्या ठकीकडून तिने यंदाची पहिली जांभळं घेतली, हाताने चुरून बिया काढल्या आणि थंड दूध, साखर, व्हॅनिला आइस्क्रीम घालून मिक्सर फिरवला. गर्द जांभळा, दाट मिल्कशेक झाला.

पण हंगामाचं पहिलं जांभूळ गावदेवीला दिल्याशिवाय गावात कुणी जिभेला लावत नाही. म्हणून सुनिता पहिला गिलास घेऊन देवळात गेली. गुरव दशरथने गिलासात डोकावून विचारलं, बिया कुठं हायत? बिनबियांचं ते फळ कसलं, हे तर कोल्ड्रिंक. तरी देवीलाच विचारू म्हणत त्याने कौल लावला. दगडी कपाळावर ओली पाकळी चिकटवली. उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार.

पाकळी हलेना. गिलासातलं आइस्क्रीम मात्र विरघळायला लागलं. दशरथ म्हणाला, विरघळलं तर प्रश्नच बदलला, कौल पहिल्यापासून लावावा लागंल. झालं! सुनिताच्या नवऱ्याने, रोहिदासने, घरातला फ्रीज मिक्सरसकट टेंपोत घालून देवळात आणला. दशरथच्या घरातून वायर ओढली. देवीला दिसावं म्हणून फ्रीजचं दार उघडं ठेवलं, तर गार वारा थेट मूर्तीवर. मग कुणीतरी देवीला शाल पांघरली. अर्धं गाव भिंतीला टेकून बसलं आणि पाकळीकडे बघत राहिलं.

दोन तासांनी काठी टेकत सखा स्वतः आला. फ्रीजमधला गिलास उचलला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

आणि पाकळी पडली. डावीकडे.

दशरथ मटकन खाली बसला.

सखाने जांभळ्या मिशा पुसल्या. "रिकामा गिलास बघून ती हो कशी म्हनंल? भर आनखी."

मागे दशरथ ओरडत होता, नकार आलाय, हात लावू नको. पण चार दिवसांनी म्हाताऱ्याने आपल्या तोंडाने मागितलं होतं. सुनिताचे डोळे भरून आले. तिने देवीला हात जोडले, मनातल्या मनात माफी मागितली आणि मिक्सर लावला. दोन गिलास भरले. पहिला सासऱ्याच्या हातात दिला, दुसरा देवीपुढे ठेवला.